सुक्या कापडावरची सही

ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या कारखान्यात शिरले की पहिल्यांदा पिकलेल्या केळ्यांचा वास येई. केळी तिथे कधीच नव्हती. वास डोपचा होता. डोप म्हणजे विमानाच्या कापडावर चढवायचे रोगण. ते वाळले की कापड पखवाजाच्या पुडीसारखे ताणले जाते आणि टिचकी मारली की वाजते.

विमानाला कापड असते हे सांगितले की ऐकणारे आजही हसतात. युद्ध संपल्यावर लष्कराची जी डकोटा विमाने नागरी कंपन्यांनी विकत घेतली, त्यांचे अंग पत्र्याचे होते. पण शेपटीचे सुकाणू आणि शेपटीच्या व पंखांच्या मागच्या हलत्या फळ्या, म्हणजे ज्यांच्या जोरावर विमान वळते आणि नाक वर-खाली करते ते भाग, सुती कापडाने मढवलेले असत. कापड ऊन-पावसाने जीर्ण होई. मग ते भाग उतरवून ट्रकने ठाण्याला येत. जुने कापड सोलायचे, सांगाडा तपासायचा, नवे कापड चढवून हाताने शिवायचे, डोपचे थर द्यायचे. तयार भाग कल्याणच्या पुढे, युद्धात बांधलेल्या धावपट्टीवर जात आणि तिथे विमानाला बसवले जात.

या कामावर सरकारी तपासणी असे. तपासणी कार्यालयात माझी नेमणूक सहायक म्हणून झाली, त्याआधी दोन वर्षे एका वर्तमानपत्राच्या उपसंपादकाच्या टेबलावर गेली होती. कार्यालयाचे प्रमुख करंदीकर पुण्याचे, अभियंते, मितभाषी. त्यांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता : "पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहिता येतं का?" येते म्हटल्यावर नेमणूक झाली. पुढची सगळी वर्षे काम तेच होते.

करंदीकरांचे काम सही करण्याचे. विमान उडण्यास योग्य आहे, असे प्रमाणपत्र सरकार देते. त्या प्रमाणपत्रामागे अनेक लहान सह्या असतात : इंजिनाची, चाकांची, कापडाची. कापडाची सही करंदीकरांची होती. प्रश्न असा, की ठाण्यात केलेली ही सही दुसऱ्या देशाने का मानावी?

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला समजावताना आम्ही पायलीचे उदाहरण देत असू. आंबिवलीचा शेतकरी घरच्या पायलीने भात मोजून कल्याणच्या बाजारात आणी. व्यापारी तेच भात पुन्हा आपल्या पायलीने मोजी. दोघांच्या पायल्या सारख्या नसत. मोजताना भात सांडे, वेळ जाई, भांडण होई. दोघांनी एकमेकांची पायली एकदाच नीट तपासली आणि मान्य केली, तर पोते पुन्हा सोडायची गरज उरत नाही. विमानांचेही तसेच. युद्ध संपायच्या आधीच शिकागोच्या परिषदेत देशांनी ठरवले होते, की किमान दर्जा पाळला असेल तर एकमेकांची प्रमाणपत्रे मानायची. पण दर्जा पाळला आहे, हे कोणी सांगायचे? त्यासाठी दोन देशांना आपसात बसून वेगळे बोलावे लागे. तुमची सही आमच्याकडे चालेल, आमची तुमच्याकडे. वाक्य एवढेच. त्यापर्यंत पोहोचायला वर्षे लागत.

प्रमाणपत्र म्हणजे काय, हे विमानवाल्यांनाही नेहमी ठाऊक असेच असे नाही. ठाण्याच्या एका गृहस्थाने हौसेने लहान विमान घेतले होते. पुढे ते त्याने परदेशी गिऱ्हाईकाला विकले. गिऱ्हाईक प्रमाणपत्राची वाट पाहत राहिले. चौकशीला गेलो तेव्हा प्रमाणपत्र दिवाणखान्यात चौकटीत लावलेले दिसले, शेजारी वडिलांचा फोटो. "विमान विकलं, मान्य," गृहस्थ म्हणाले. "पण माझा मान कशाला विकू?" प्रमाणपत्र विमानाचे असते, मालकाचे नसते, हे त्यांना पटायला दोन वेळा चहा घ्यावा लागला. चौकट मात्र त्यांनी ठेवून घेतली.

कारखान्यातली दोन माणसे इथे ओळखीची करून दिली पाहिजेत. पहिले हिराजी. चेंदणीच्या कोळीवाड्यातले, पिढीजात शिडे शिवणारे. कापडाची पारख, कापणी आणि ताण त्यांच्याकडे होता. हिराजी सर्वांना अरे-तुरे करीत, करंदीकरांनाही. त्यात उद्धटपणा नव्हता. त्यांच्या बोलीची तीच रीत होती. दुसऱ्या यमुनाबाई. माहेर चिपळूणकडचे, यजमान ठाकुर्लीच्या वीजघरात. सांगाड्याच्या फासळ्यांशी कापड टाक्यांनी बांधायचे आणि प्रत्येक टाक्याला अशी गाठ मारायची, की एक तुटला तरी पुढचा सुटू नये, हे काम त्या करीत. त्यांचे तोंड आणि सुई एका वेगाने चाले.

कापडाचा प्रत्येक ताका वापरण्यापूर्वी तपासला जाई. ताक्यातून पट्ट्या कापायच्या, एकेक पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची आणि फाटेपर्यंत ओढायची. कोणत्या ओढीला फाटली तो आकडा लिहायचा. करंदीकर स्वतः यंत्रापाशी उभे राहत. पट्टी फाटताना पाहिल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही.

अशाच एका तपासणीला हिराजी मागच्या पडवीतून पट्ट्या घेऊन आले. यमुनाबाईंनी त्यातली एक हातात घेतली.

"काय हो बाबा, लेकरांना न्हाऊ घालून आणलंत वाटतं? गारेगार लागतायत."

"तुजे चिपळूनला पोरांना पारोसा ठेवतात काय?" हिराजी म्हणाले.

सगळे हसले. करंदीकर म्हणाले, "हिराजी, पट्टी लावा." पट्टी लावली, ओढली, फाटली. आकडा चांगला आला. खाडीकाठच्या त्या शेडमध्ये टेबलाचा पत्राही गार लागे, त्यामुळे थट्टेच्या पलीकडे कोणी विचार केला नाही.

याच सुमारास एका देशाशी परस्पर मान्यतेची बोलणी पुढे गेली. त्या देशाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. तिकडच्या एका कंपनीला कल्याणच्या धावपट्टीवर दुरुस्त झालेली डकोटा विकत घ्यायची होती. आमची सही मानण्याआधी तिकडच्या खात्याने आमच्या ताक्यांचे तुकडे मागवले. आम्ही पाठवले. त्यांनी आपल्या यंत्रावर ते फाडून पाहिले. प्रत्येक ताक्याचा त्यांचा आकडा आमच्यापेक्षा कमी आला. थोडा कमी नव्हे, लक्षात येण्याइतका.

पत्र सभ्य भाषेत होते. आमचे आकडे यंत्रावर घेतले होते की अन्य रीतीने, अशी विचारणा त्यात होती. करंदीकरांनी ते वाक्य दोनदा वाचले.

"अन्य रीतीने म्हणजे घरी बसून," ते म्हणाले. "स्पष्ट लिहीत नाहीत एवढंच."

यंत्राला ठाऊक असलेली वजने टांगून पाहिली. यंत्र बरोबर होते. जबडे बदलून पाहिले. गिरणीकडे चौकशी केली. कापड तेच होते. कारण सापडेना. मग कळले, की त्यांचा निरीक्षक स्वतः पाहायला येणार आहे. आकडे बनावट ठरले असते तर बोलणी तिथेच संपली असती. करंदीकरांची सही देशात चालली असती आणि वेशीबाहेर खोटी ठरली असती. त्या दिवसांत करंदीकर मधल्या सुट्टीत डबा उघडत आणि तसाच बंद करीत. यमुनाबाई एकदा म्हणाल्या, "साहेब, डबा तपासायचा नसतो, खायचा असतो." त्यावर ते हसले, पण खाल्ले नाही.

निरीक्षकाचे नाव हॉल. उंच, किडकिडीत, उन्हाने लाल झालेला माणूस. आल्या आल्या त्याने सर्वांशी हात मिळवला, यमुनाबाईंना नमस्कार केला, शहाळ्याचे पाणी प्यायला. करंदीकर त्याला यंत्राकडे नेऊ लागले तेव्हा तो थांबला.

"यंत्र तुम्ही तपासलंच असेल," तो म्हणाला. संभाषण इंग्रजीत होते. कामगारांसाठी मराठी करण्याचे काम माझ्याकडे होते. "मला ताक्यापासून दाखवा. तुमची माणसं करतात तसंच. माझ्यासाठी वेगळं काही करू नका."

हिराजींना हे ऐकून बरे वाटले. पाहुणा आपलेच काम पाहायला आला आहे, असा त्यांचा समज झाला, आणि तो चुकीचा नव्हता. त्यांनी ताका उलगडला, काठ सोडून पट्ट्या कापल्या, कडेचे दोरे काढून रुंदी सारखी केली. हॉल मान डोलवत होता. मग हिराजी पडवीत गेले. आम्ही मागोमाग गेलो. तिथे बादली होती. हिराजींनी गोणपाटाचा तुकडा बादलीत बुडवला, घट्ट पिळला, पट्ट्या त्यात नीट गुंडाळल्या आणि सावलीत ठेवल्या.

"जालं," ते म्हणाले. "आता उद्या सकालला."

करंदीकरांनी गोणपाटाला हात लावून पाहिला.

"हिराजी, हे काय?"

"काय म्हंजे? कापर मुरवतो."

"नेहमी असंच करता?"

"पट्टी फाडायचे आदले दिशी. नायतर कवा?" हिराजींना प्रश्नच कळला नाही. "सुका शीर कोन बगतो रे? माजे बापानं वला बगला, त्याचे बापानं वला बगला."

शीर म्हणजे शीड. सुती कापड ओले झाले की त्याचा जोर वाढतो, हे शीड शिवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. होडीवरचे शीड कामाच्या वेळी पाण्याने भिजलेलेच असते. म्हणून त्याची परीक्षा ओलीच घ्यायची. सुकी घेतली तर चांगले कापड वाईट ठरते. त्यांच्या धंद्यात ही प्रामाणिक रीत होती. त्यांनी ती लपवली नव्हती. कोणी विचारली नव्हती. सकाळी गोणपाटातून काढलेली पट्टी हाताला ओली लागत नसे, नुसती गार लागे.

हॉलने सगळे मराठीतून इंग्रजीत करून घेतले. मग त्याने हिराजींना विचारले, "विमान दिवसभर कुठे उभं असतं?"

"कल्यानचे पुरं. मैदानान."

"सावलीत?"

"सावली कुटं हाय तिथं? उनान."

"मग त्याचं कापड ओलं असतं?"

हिराजींनी खाली बसून गोणपाट सोडला, एक पट्टी काढली आणि बोटांत धरून राहिले.

"नाय," ते म्हणाले. "कोरडा ठणठणीत असंल. त्याला सुकाच बगायला पायजे व्हता."

"मी म्हणत होते ना, न्हाऊ घातलंय म्हणून," यमुनाबाई हळूच म्हणाल्या.

"तू थट्टेन बोललीस. थट्टेन बोललेला सायबाचा मानूस लिवतो काय?" हिराजींनी माझ्याकडे पाहून विचारले.

कारण सापडले होते. आकडे बनावट नव्हते, पण बरोबरही नव्हते. आता काय लिहायचे, हा प्रश्न होता. हॉल बाहेर खाडीच्या कडेला जाऊन उभा राहिला. त्याने तसे मुद्दाम केले असावे. आत कारखान्याचे व्यवस्थापक करंदीकरांकडे आले.

"साहेब, सोपं आहे. कामगाराने कोणाला न विचारता केलं, असं कळवा. मी त्याला आजच कामावरून कमी करतो. पाहुण्याचं समाधान होईल, तुमच्या सहीला धक्का नाही."

हिराजी ऐकण्याच्या अंतरावर होते. त्यांनी मान वर केली नाही. शिडाच्या होड्यांची कामे तेव्हाच कमी होऊ लागली होती. या कारखान्याखेरीज त्यांच्या हातांना दुसरीकडे गिऱ्हाईक नव्हते.

करंदीकर म्हणाले, "कापड फाटताना मी पाहिलं. भिजताना पाहिलं नाही. ते पाहणं माझं काम होतं, त्यांचं नव्हे. ते त्यांच्या नावावर कसं लिहू?"

"मग काय लिहिणार?"

"आतापर्यंत पास केलेले सगळे ताके मी मागे घेतो. ज्या विमानांवर ते कापड चढलंय, ती खाली बसतील."

"ती तर रोज उडतायत. इथल्या इथे. परदेशी सहीचा त्यांच्याशी काय संबंध? आणि काही झालंय का त्यांना?"

"झालं असतं तर आपण असे बोलत उभे नसतो," करंदीकर म्हणाले आणि टेलिफोनकडे गेले.

व्यवस्थापकांचे म्हणणे नियमाला धरून होते, हे नोंदवले पाहिजे. बोलणी फक्त बाहेर जाणाऱ्या विमानाची होती. देशात उडणाऱ्या विमानांबद्दल हॉलने एक अक्षर विचारले नव्हते. कल्याणच्या धावपट्टीवर त्या कापडाची दोन विमाने होती. दोन्ही त्याच दिवशी थांबवली गेली. पत्राचा मसुदा मला करायचा होता. करंदीकरांनी सांगितले, "काय केलं ते दोन ओळीत. का केलं ते एका ओळीत. हिराजींचं नाव नको. 'आमच्या तपासणीत' असं लिहा."

हॉल दिल्लीला जाऊन परत येणार होता. मधल्या दिवसांत कारखान्यात एक पत्र्याचे कपाट उभे राहिले. आत विजेचा दिवा, शेजारी हवेतला ओलावा दाखवणारे उपकरण. पट्ट्या आता त्यात ठरलेल्या कोरडेपणापर्यंत ठेवल्या जात. कपाटाची किल्ली करंदीकरांनी हिराजींकडे दिली. हिराजींनी ती जानव्यासारखी गळ्यात अडकवली. यमुनाबाई म्हणाल्या, "बाबा, मुंज झाली वाटतं."

"व्हय. आता भिक्षा घाल."

बहुतेक ताके सुक्या परीक्षेतही टिकले. काही टिकले नाहीत. थांबवलेल्या विमानांपैकी एकाच्या सुकाणूवर न टिकलेल्या ताक्याचे कापड निघाले. ते उतरवून ठाण्याला आणले. हिराजींनी स्वतःच्या हाताने ते सोलले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. यमुनाबाईंनी नवे शिवले. थांबवलेल्या विमानांच्या कंपनीचा तेवढ्या दिवसांचा धंदा बुडाला, हे खरे. कंपनीचे मालक दर नवरात्रात देवीच्या देवळात भेटत आणि करंदीकरांना हाक मारत. त्या वर्षी त्यांनी हाक मारली नाही. करंदीकरांनाच पुढे जाऊन नमस्कार करावा लागला.

हॉल परत आला तेव्हा त्याच्यासाठी नव्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. यंत्र पुसून तयार होते. तो आधी कपाटापाशी गेला, दार उघडून आत हात घातला, उबेचा अंदाज घेतला, दार लावले. मग करंदीकरांच्या नोंदी वाचल्या. ज्या ताक्यांपुढे 'मागे घेतला' असे लिहिले होते, तिथे तो जास्त वेळ थांबला. शेवटी पेन काढून करंदीकरांच्या सहीखाली सही केली.

"तुम्ही स्वतः फाडून पाहणार नाही?" करंदीकरांनी विचारले.

"मीच पाहायचं असेल तर करार कशाला करायचा?" हॉल म्हणाला.

परस्पर मान्यतेची याहून चांगली व्याख्या पुढे कोणत्याही परिपत्रकात आढळली नाही.

डकोटा कल्याणहून गेली. ती नेणाऱ्या वैमानिकाने परतल्यावर सांगितले, की तिकडच्या अधिकाऱ्याने कागद उलटला, सही आपल्याजवळच्या नमुन्याशी ताडून पाहिली आणि चहा घेणार का, असे विचारले. एक टाकाही उसवला नाही. हे ऐकलेले आहे, पाहिलेले नाही. पण वैमानिक थापा मारणारा नव्हता.

मान्यता दोन्ही बाजूंनी असते, याचा अनुभव वर्षभराने आला. तिकडचे एक लहान विमान कल्याणला उतरले. संपूर्ण कापडाचे. त्यावर त्यांच्या खात्याची सही होती. करंदीकर आणि हिराजी त्याच्याभोवती फिरले. कापड दाबून पाहण्याची दोघांची इच्छा स्पष्ट दिसत होती. करंदीकरांनी हात पाठीमागे बांधले होते.

"बग की एकदा दाबून," हिराजी म्हणाले.

"नाही. करार आहे."

"मंग वास तरी घेतो," असे म्हणून हिराजींनी नाक पंखाजवळ नेले. केळ्यांचा वास तिकडेही तोच होता. त्यांना ते आवडले.

पुढे डकोटा गेल्या, कापड गेले, कारखान्याच्या जागी दुसरे काही आले. डोपच्या हवेत वर्षानुवर्षे काम केलेल्यांपैकी काहींना खोकला जडला. खिडक्या अधिक असायला हव्या होत्या, असे आता वाटते. यमुनाबाईंची ती गाठ त्यांच्यामागे कोणी शिकले नाही. करंदीकर बढतीवर दिल्लीला गेले. ती सही मात्र अनेक देशांत चालली आणि कुठूनही परत आली नाही.

करंदीकर दिल्लीला जाण्यापूर्वीच्या नारळी पौर्णिमेला हिराजींनी आम्हा सगळ्यांना चेंदणीच्या बंदरावर बोलावले. होड्या रंगवलेल्या होत्या. हिराजींच्या पुतण्याच्या होडीवर नवे शीड चढले होते, हिराजींनी शिवलेले. नारळ अर्पण झाल्यावर ते होडीत उतरले, खाडीतून बादली भरली आणि शिडावर फेकली. निम्मे पाणी करंदीकरांच्या धोतरावर आले. शीड काळपट झाले, ताठ झाले.

"ए करंदीकर," हिराजी होडीतून म्हणाले, "हितं वला बगायचा. हितं माजी सही."

करंदीकरांनी शिडाकडे पाहिले. हात लावला नाही. चपला काढून हातात घेतल्या आणि होडीत जाऊन बसले.